मोबाईलच्या नेटवर घरचा लॅपटॉप
(शेतकी विभागाकडून)



लागण, बेणे, खत, पाण्याची पाळी यांविषयी शेतकी विभागाकडे विचारणा होणे हे नेहमीचेच. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, मोबाईलवर तं नेट सुसाट चालते, मंग पोराच्या लॅपटॉपवर काऊन चालत नाही?" कोऱ्याकडे गेलो तरी हाच प्रश्न, मांडगावकडे गेलो तरी हाच. पुष्कळ सभासदांच्या घरी मुलामुलींच्या शिक्षणाकरिता घेतलेला लॅपटॉप आहे, खिशात बरा मोबाईल आहे, मोबाईलमध्ये महिन्याचा रिचार्जही आहे. तरी एका सातबाऱ्याकरिता मोटारसायकल काढून समुद्रपूर नाहीतर हिंगणघाट गाठणे चालूच आहे. पेट्रोल जाते, कामाचा अर्धा दिवस जातो, वर दुकानदाराचे पैसे. आणि आधार क्रमांक, पासबुकाची प्रत व ओटीपी एवढा ऐवज परक्याच्या संगणकावर ठेवून आपण घरी येतो, तो हिशेब कोणी मांडतच नाही.

हा विषय कारखान्याच्या पत्रिकेत कशाला, असे काहींना वाटेल. कारण सरळ आहे. ॲग्रीस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक, ज्याला सगळे फार्मर आयडी म्हणतात, तो १५ एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांकरिता आवश्यक करण्यात आला. उसाला ठिबक बसवायचे तर महाडीबीटीवर ऑनलाईन अर्ज करावा लागतो. ठरवून दिलेल्या खर्च-मर्यादेच्या अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान, ही काही लहान रक्कम नव्हे. पूर्वी या अर्जांची सोडत निघत असे. २०२५ मध्ये ती पद्धत जाऊन आधी अर्ज करणाऱ्याला आधी लाभ असे धोरण आले. म्हणजे 'पुढच्या बाजाराले गेलो की भरू' असे म्हणणाऱ्याचा नंबर तेवढाच मागे जातो. साखर आयुक्तालयानेही २०२२ मध्ये 'महा-ऊस नोंदणी' हे मोबाईल ॲप काढले होते. कागद आता इकडूनच फिरू लागला आहे. तेव्हा लागण कशी करावी हे जसे आपण शिकलो, तसे हेही शिकून घ्यावे लागेल.

यात ऊसकरी मागे आहेत असे मात्र कोणी समजू नये. महाराष्ट्रात खेडोपाडी संगणक नेण्याचा पहिला मोठा प्रयोग एका सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातच झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा समूहाच्या कार्यक्षेत्रात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत, १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह अशा तिघांचा त्यात पैसा होता. गावोगावी संगणक-केंद्रे निघाली. उसाची नोंद, तोडणीचा परवाना, खताची उचल यांची माहिती सभासदाला गावातच मिळू लागली. परंतु संगणक जुने होत गेले, दुरुस्तीचा खर्च वाढला आणि टेलिफोनच्या तारेवरचे ते मंद नेट कामाला पुरेना. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन शाखेने त्याच वारणा भागात सात गावांत सुमारे आठ महिने दुसरा प्रयोग केला. संगणकाच्या जागी मोबाईल ठेवला आणि तीच माहिती एसएमएसने मागविली व पाठविली. तेवढे काम साध्या मोबाईलवर भागले. तारेपेक्षा हवेतून येणारी जोडणी खेड्याला सोयीची, हे ऊसकऱ्यांच्या गावांत तेव्हाच दिसून आले होते.

फरक एवढाच की त्या वेळी माहिती दोन ओळींत मावत असे. आजचा अर्ज लांबलचक असतो. त्याला कागद जोडावे लागतात, त्यांचा आकार ठराविक केबीत बसवावा लागतो, भरलेले पुन्हा वाचून पाहावे लागते. बोटाएवढ्या अक्षरात हे करताना गट क्रमांकाचा एक आकडा चुकतो आणि अर्ज परत येतो. म्हणून पडदा लॅपटॉपचा आणि नेट मोबाईलचे, अशी जोडी आम्ही सुचवितो. ई-पीक पाहणी तेवढी याला अपवाद. ती मोबाईलवरच, वावरात उभे राहूनच करावयाची असते.

जोडणी कशी करावी

आधी एक सूचना. २०१० च्या आसपास लॅपटॉपला खुपसायची डेटा कार्डे, म्हणजे डोंगल, फार चालली. कोणाकडे तसले पडून असेल किंवा कोणी स्वस्तात देऊ करीत असेल तर घेऊ नका. त्यांतली पुष्कळशी सीडीएमए पद्धतीची होती, ती सेवाच बंद झाली. थ्रीजीचीही आता तीच गत आहे. नवे फोरजी डोंगल किंवा छोटा राउटर चांगला असतो, परंतु त्याला वेगळे सिम आणि वेगळा रिचार्ज लागतो. महिन्यातून चार-सहा वेळा काम पडणाऱ्या सभासदाला खिशातला मोबाईल पुरेसा आहे.

मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'हॉटस्पॉट व टिथरिंग' असे सदर असते. हॉटस्पॉट चालू केला की मोबाईल स्वतःच एक लहानसा वाय-फाय मनोरा बनतो. लॅपटॉपवर वाय-फायच्या यादीत आपल्या मोबाईलचे नाव दिसते, ते निवडून पासवर्ड टाकला की काम झाले. नाव दिसतच नसेल तर बहुधा मोबाईलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर असतो आणि जुन्या लॅपटॉपला तो दिसत नाही. त्याच सदरात तो २.४ गिगाहर्ट्झवर आणावा. "मोबाईलवर चालते, लॅपटॉपवर चालत नाही" या तक्रारीचे एक मोठे कारण हेच आहे. दुसरे कारण असे की काही मिनिटे कोणी वापरत नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याची सोय मोबाईलमध्ये असते. आणि बॅटरी बचतीवर टाकलेला मोबाईलही असाच मधेच जोडणी तोडतो. अर्ज भरण्यापूर्वी या दोन्ही सोयी बंद कराव्यात. पासवर्ड मात्र ठेवाच, आणि तो १२३४५६७८ असा नको. नाहीतर शेजारच्या पोरांचे क्रिकेट आपल्या पैशावर चालेल.

आमचा कल मात्र वाय-फायपेक्षा केबलीकडे आहे. चार्जिंगच्या केबलीने मोबाईल लॅपटॉपला जोडावा आणि त्याच सदरातील 'यूएसबी टिथरिंग' चालू करावे. मोबाईलला लॅपटॉपमधून वीज मिळत राहते. गावात लाईट गेली तरी चार्ज असलेल्या लॅपटॉपवर दोघांचेही काम काही वेळ भागते. हवेतला एक टप्पा कमी झाल्याने जोडणी तुटण्याचे प्रमाणही कमी होते. अडचण एकच येते. बाजारातील स्वस्त केबलींपैकी काहींत फक्त विजेच्या तारा असतात, माहितीच्या तारा नसतातच. तसल्या केबलीने मोबाईल चार्ज होतो पण नेट येत नाही, आणि माणूस तासभर लॅपटॉपला दोष देत बसतो. मोबाईलच्या डब्यातून आलेली मूळ केबल वापरावी. ब्लूटूथनेही जोडणी होते, पण ती मंद असते. तिच्या नादी लागू नये.

डेटा म्हणजे ओलित

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पुष्कळ सभासद सांगतात की लॅपटॉप जोडला की दहा-पंधरा मिनिटांत 'डेटा संपला' असा संदेश येतो, आणि मग लॅपटॉपच खराब असा निष्कर्ष निघतो. लॅपटॉप खराब नसतो. तो मोकाट पाणी पितो.

मोबाईलला ठाऊक असते की आपला डेटा मोजका आहे. लॅपटॉपला वाटते की आपण शहरातल्या फायबरवर बसलो आहोत. जोडणी मिळताच तो विंडोजची अद्ययावत आवृत्ती उतरवू लागतो. मोठी असली तर ती काही जीबींची असते. दुसरीकडे फोटो आणि फाईली वर पाठविणे सुरू होते. व्हिडिओ लावला तर पडदा मोठा म्हणून चित्रही जास्त स्वच्छ मागवितो. अशा व्हिडिओला तासाला एक जीबी किंवा त्याहूनही जास्त लागतो. उलट सातबारा पाहणे, अर्ज भरणे, पावती उतरविणे याला काही एमबी पुरतात. म्हणजे उसाला लागते चार इंच पाणी आणि धुऱ्यावरून वाहून जाते चाळीस इंच.

हिशेब करून पाहू. ट्रायच्या शिफारशीनुसार जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान गती सेकंदाला २ मेगाबिट ठरविण्यात आली. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे २ मेगाबिट गतीने सेकंदाला पाव एमबी येते. आपला दिवसाचा डेटा दीड जीबी, म्हणजे सुमारे १,५०० एमबी धरला तर तो ६,००० सेकंदांत, म्हणजे १ तास ४० मिनिटांत संपतो. ही झाली किमान गती. चांगल्या फोरजीत सेकंदाला २० मेगाबिट सहज मिळतात. तेव्हा त्याच डेटाला १० मिनिटे पुरतात. गती जितकी जास्त तितका हौद लवकर रिकामा होणार, यात नवल काही नाही. संपल्यानंतर बऱ्याच प्लॅनमध्ये गती ६४ किलोबिटवर येते. त्या गतीला १ एमबीचा कागद उतरायला दोन मिनिटांच्या वर लागतात, आणि तेवढा वेळ शासकीय पोर्टल आपली वाट पाहत थांबत नाही.

यावर व्हॉल्व्ह आहे. विंडोजमध्ये त्याला 'मीटर्ड कनेक्शन' म्हणतात. सेटिंगमध्ये नेटवर्क व इंटरनेट या सदरात जावे, आपल्या जोडणीच्या नावावर जाऊन प्रॉपर्टीज उघडाव्यात आणि 'मीटर्ड कनेक्शन' हे बटण चालू करावे. यानंतर लॅपटॉप समजतो की पाणी मोजके आहे, आणि मोठ्या आवृत्त्या आपणहून उतरविणे बहुतांशी थांबवितो. येथे एक खुबी ध्यानात ठेवावी. वाय-फायकरिता हे बटण दाबले म्हणून ते केबलीला लागू होत नाही. केबलीने जोडलेला मोबाईल लॅपटॉपला 'इथरनेट' म्हणून दिसतो. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते वेगळे दाबावे लागते. मोकाट आणि ठिबक यांत जो फरक, तोच हे बटण नसण्या-असण्यात आहे.

आवृत्त्या कायमच्या अडवून ठेवू नयेत, त्यांत चोरीपासून संरक्षणाची दुरुस्ती असते. रोजचा डेटा बहुतेक प्लॅनमध्ये रात्री १२ वाजता नव्याने मिळतो. एखाद्या दिवशी वापर कमी झाला असेल तर रात्री ११ वाजता बटण सोडावे आणि उरलेला डेटा आवृत्तीला द्यावा. नाहीतर तो १२ वाजता वायाच जाणार. रात्रपाळीच्या विजेवर मोटार चालविणाऱ्यांना ही वेळ अवघड वाटायची नाही. विंडोज १० वापरणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. कंपनीने तिचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. लॅपटॉपला पेलत असेल तर विंडोज ११ करून घ्यावी. पेलत नसेल तर त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

रेंजची काडी आणि खरा जोर

मोबाईलवर दिसणाऱ्या काड्यांवर भरवसा ठेवू नये. उसाचा रंग पाहून पक्वता सांगणारे अनुभवी लोक आहेत, पण तोडणी आपण ब्रिक्स पाहून ठरवितो. तसा सिग्नलचाही आकडा असतो. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या सदराखाली सिमची स्थिती पाहावी, तेथे तो डीबीएममध्ये उणे लिहिलेला असतो. फोरजीमध्ये उणे ९० पर्यंत चांगला, उणे १०० ला काम चालते, उणे ११० च्या पुढे अर्ज भरायला बसू नये. हे आकडे साधे नाहीत: दहाने घसरला की सिग्नलची ताकद दहापटीने कमी झाली असे समजावे. म्हणूनच घरातल्या घरात जागा बदलली तरी मोठा फरक पडतो. टिनाचे छप्पर आणि लोखंडी दार सिग्नल अडवितात. जाड मातीच्या भिंतींतून तो जेमतेम येतो. उभा, पाण्याने भरलेला ऊसही त्याला अडवितो. बांधावर मिळणारी रेंज फडाच्या आत मिळत नाही ती त्यामुळेच. महामार्गाच्या कडेला जोर असतो आणि नाल्याच्या खोलगट भागात उतरले की तो पडतो, हे तर सर्वांच्या अनुभवाचे आहे. लांब केबल घेऊन मोबाईल खिडकीत किंवा माळ्यावर ठेवावा आणि लॅपटॉप खाली घ्यावा. केबलीचा हाही एक फायदा.

फाईव्हजीचा एकच क्षीण धागा पकडून मोबाईल सारखा फोरजी-फाईव्हजी असा हेलपाटत असेल तर सेटिंगमधून तो फोरजीवर कायम करावा. गती थोडी कमी होईल, पण जोडणी टिकेल, आणि अर्जाला टिकाव हवा असतो. भारत संचार निगमची फोरजी सेवा २७ सप्टेंबर २०२५ रोजी देशभर जाहीर झाली. तेव्हा गावात कोणाची रेंज खरी आहे हे जाहिरातीवरून न ठरविता शेजारच्या दोन-तीन निरनिराळ्या सिमांवर, आपल्याच घरात, ट्रायच्या 'मायस्पीड' ॲपने मोजून पाहावे. शक्यतो संध्याकाळी मोजा. सात ते दहा या वेळेत एकाच मनोऱ्यावर साऱ्या गावाचा भार असतो. तेव्हा जी गती मिळेल तीच भरवशाची. कामाला मात्र पहाटे बसावे.

दोन सिमांच्या मोबाईलबद्दल पुष्कळांना ठाऊक नसते की एका सिमवर फोन आला की बऱ्याच मोबाईलमध्ये दुसऱ्या सिमचा डेटा तेवढा वेळ थांबतो. ठिबकचा अर्ज शेवटच्या पानावर आलेला, आणि नेमका व्याह्यांचा फोन! अर्ज भरताना दुसरे सिम सेटिंगमधून बंद ठेवावे. ओटीपी ज्या सिमवर येणार आहे ते मात्र चालूच असले पाहिजे. गट क्रमांक, बँकेचा आयएफएससी, फार्मर आयडी हे सर्व आधी कागदावर लिहून घ्यावे आणि कागदपत्रांचे फोटो लहान आकारात करून ठेवावेत. जोडणी लावण्याआधी जेवढी तयारी, तेवढा डेटा आणि डोके शाबूत.

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. नुसता पाहायचा असेल तर महाभूलेखवर पैसे पडत नाहीत, परंतु तो कोणत्याही कार्यालयात ग्राह्य धरला जात नाही. संकेतस्थळ शोधताना यादीत सर्वांत वर आलेले नाव खरेच असते असे नाही, ती जाहिरातही असू शकते. शासकीय पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' असते, ते वाचूनच पुढे जावे. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान' किंवा 'अनुदान यादी' अशा नावाने आलेली, 'एपीके' अशी शेवटची अक्षरे असलेली फाईल कधीही उघडू नये. ती उघडली की मोबाईलमधील ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात आणि उसाचे बिल जमा झालेले खाते रिकामे होते. असे घडलेच तर लाजेने गप्प न बसता त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढे निघून जातात.

शेवटची बाब मोबाईल क्रमांकाची. आधार, बँक, फार्मर आयडी आणि कारखान्याकडील आपली सभासद नोंद ही सारी एका क्रमांकाला बांधलेली आहेत. एखादे सिम सलग ९० दिवस वापरलेच नाही आणि त्यात शिल्लकही नसली तर कंपनी तो क्रमांक बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग आपला ओटीपी तिऱ्हाइताच्या मोबाईलवर जातो. आजोबांच्या नावावर शेती आणि त्यांच्या आधारला जोडलेले सिम कपाटात, अशी घरे आपल्या कार्यक्षेत्रात थोडीथोडकी नाहीत. त्या सिमवर लहानसा रिचार्ज चालू ठेवावा. क्रमांक बदलला असेल तर आधी आधारमध्ये, नंतर बँकेत दुरुस्ती करावी आणि गट कार्यालयात चिटबॉयकडे नवा क्रमांक लेखी द्यावा. हे काम गळीत सुरू होण्यापूर्वी उरकावे, कारण तोडणी लागल्यावर चिटबॉय फडावर असतो आणि कार्यालयात सापडत नाही.